उंदीर, स्लाइड आणि शंका : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातला औषधांच्या सुरक्षितता-चाचण्यांवरचा लेख वाचून बरीच पत्रं आली. काही कुतूहलाची होती, काही रागाची. त्यातल्या निवडक प्रश्नांना एक ज्येष्ठ टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे औषधाने ऊतींत काय बिघडतं ते तपासणाऱ्या तज्ज्ञ, उत्तरं देत आहेत. त्यांचं मूळ शिक्षण पशुवैद्यकाचं. आधी अध्यापन आणि नंतर औषध-संशोधन अशी त्यांची कारकीर्द झाली.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारे, एवढंच आम्हाला ठाऊक. तुमचा दिवस नेमका कसा जातो? (एक शिक्षिका)

बसून जातो. मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं आणि बसूनच राहायचं. या पेशातल्या निम्म्या लोकांची मान दुखते, उरलेले ते लपवतात.

नवं रसायन माणसाच्या पोटात जाणार असेल, तर आधी ते प्राण्यांना ठरावीक मुदत देतात. 28 दिवसांची चाचणी असते, 90 दिवसांची असते आणि कर्करोगासाठी दोन वर्षांची. साधारण चार गट असतात. एकाला औषध नाही, बाकीच्यांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रा. मुदत संपली की प्राण्यांना शक्य तितकं वेदनारहित मरण देतात आणि शवविच्छेदन होतं. यकृत, मूत्रपिंडं, हृदय, मेंदू यांची वजनं होतात. मग चाळीसेक ऊतींचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये जातात, तिथून मेणाच्या ठोकळ्यात, आणि मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. त्यांना रंग दिला की पेशीचं केंद्रक निळं-जांभळं आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. मी जन्मभर पाहिलेलं जग या दोन रंगांचं आहे.

शवविच्छेदनाच्या टेबलावर फार घाई असते. आतड्याचं आतलं अस्तर मृत्यूनंतर मिनिटांत विरघळायला लागतं. ताजा मेंदू बोटांनी जरा दाबला गेला, तरी स्लाइडवर काळपट, आक्रसलेल्या चेतापेशी दिसतात आणि नवख्याला वाटतं, औषधाने मेंदू जाळला. प्राण्याला कार्बन डायऑक्साइडने मारलं असेल, तर फुप्फुसात बारीक रक्तस्राव दिसतो. औषधाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून मला हुशार संगणकापेक्षा हलक्या हाताचा तंत्रज्ञ जास्त मोलाचा वाटतो.

आणि सगळ्यात जास्त वेळ मी पाहते त्या औषध न दिलेल्या, कंट्रोल गटाच्या स्लाइड. दोन वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक नर रॅटची (रॅट म्हणजे मोठा उंदीर, माउस म्हणजे छोटा) मूत्रपिंडं आपोआपच बिघडलेली असतात. त्या आजाराला क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपथी म्हणतात. त्याची सुरुवात तरुणपणीच होते आणि प्रथिनं जास्त असलेल्या खाण्याने तो बळावतो. माझं निम्मं आयुष्य या मूत्रपिंडांत गेलं. औषध दिलेल्या गटातही तोच आजार असतो, फक्त थोडा जास्त. हा 'थोडा जास्त' खरा की योगायोग, हे सांगण्याचा मला पगार मिळतो.

निष्पाप जीवांना मारून तुम्हाला झोप कशी लागते? (पत्रात एवढीच एक ओळ, खाली सही नाही)

लागते. खोटं कशाला बोलू?

मी पशुवैद्य होते. आजारी जनावर बरं करून मालकाच्या हवाली करण्याचा आनंद मला माहीत आहे. त्यामुळे निरोगी जनावर मारून त्याचं यकृत तोलणं पहिल्यांदा जड गेलं, आणि 'नंतर सवय झाली' असं म्हणणं मला आजही आवडत नाही. ज्यांना पूर्ण सवय होते, त्यांच्या हातची नेक्रॉप्सी, म्हणजे शवविच्छेदन, मला नको असते.

माझा राग वाया गेलेल्या प्राण्यांवरून आहे. एलडी50 नावाची चाचणी घ्या. निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधायची. ट्रेव्हन यांनी ती 1927 मध्ये मांडली, तेव्हा तिला कारण होतं. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांची ताकद उत्पादनाच्या प्रत्येक खेपेला वेगळी निघायची आणि ती मोजायला दुसरा उपाय नव्हता. पुढे मात्र ती प्रत्येक रसायनाला सरसकट लावली गेली. पॅथॉलॉजिस्टला तिच्यातून जवळजवळ काहीच कळायचं नाही. किती मेले हे कळायचं, कशाने मेले ते नाही. चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेने ती चाचणी आपल्या यादीतून 2002 मध्ये काढली आणि तिच्या जागी थोड्या प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती आणल्या. रसेल आणि बर्च या दोघांनी प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या घटवा, त्यांचा त्रास कमी करा, असं 1959 मध्येच मांडलं होतं. तिथून इथवर यायला चार दशकं लागली. झोप उडायचीच असेल, तर या आकड्याने उडावी.

प्राण्यांना न बाधलेलं औषध माणसाला बाधणार नाही कशावरून? थॅलिडोमाइडचं काय झालं? (एक निवृत्त फार्मासिस्ट)

कशावरूनच नाही, आणि हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त टोचतं.

थॅलिडोमाइडची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. झोपेचं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरचं हे औषध 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि 1961 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. तोवर 10,000 हून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. लोक म्हणतात, प्राण्यांवर ते सुरक्षित ठरलं होतं. खरं तर विक्रीआधी गाभण प्राण्यांवर त्याची नीट तपासणी झालीच नव्हती. नंतर केली, तेव्हा रॅट आणि माउस बऱ्यापैकी निभावून गेले, पण सशांत आणि माकडांत व्यंग दिसलं. म्हणून आजही गर्भावरच्या परिणामाची चाचणी सहसा दोन प्रजातींवर होते, एक रॅट आणि एक ससा.

अमेरिकेत ते औषध अडवलं एफडीए या सरकारी औषध-नियामक संस्थेतल्या फ्रान्सेस केल्सी यांनी. त्या आधी काय करत होत्या, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. 1937 मध्ये तिथे सल्फानिलामाइडचं एक गोड पातळ औषध विकलं गेलं. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं. कंपनीने चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा पाहिला नाही, कारण तसा कायदाच नव्हता. शंभराहून जास्त माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यात कितीतरी मुलं होती. शिकागोत प्राध्यापक गायलिंग यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांवर तपासून दोषी कोण ते दाखवलं, आणि त्या कामात तरुण केल्सी होत्या. पुढच्याच वर्षी औषध विकण्याआधी सुरक्षितता दाखवायची सक्ती करणारा कायदा आला. हेच ग्लायकॉल खोकल्याच्या औषधात सापडून 2022 मध्ये गाम्बियातली मुलं दगावली. तिथे विज्ञान कमी पडलं नव्हतं. पिंपातला माल तपासायचा कंटाळा नडला.

आता आमच्या बाजूचं अपयश. फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बीवरचं औषध. माउस, रॅट, कुत्रा, माकड यांपैकी कोणीही इशारा दिला नाही. 1993 च्या चाचणीत 15 रुग्णांपैकी पाच जण गेले आणि दोघे यकृत बदलून वाचले. औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर घाला घालत होतं, तोही आठवड्यांनंतर. पुढे माणसाच्या यकृतपेशी बसवलेल्या माउसमध्ये तेच विष दिसलं.

दुसरं टीजीएन1412. हे मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड. 2006 मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना ते दिलं. माकडांना जी मात्रा मानवली होती, तिच्या पाचशेव्या भागाएवढंच. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. जीव वाचले, पण एकापाठोपाठ एक अवयव ढासळत गेले होते. ते औषध ज्या रेणूला चिकटत होतं, तो माकडाच्या नेमक्या त्या प्रतिकारपेशींवर नव्हताच. माकडांच्या स्लाइड बरोबर वाचल्या होत्या, पण त्यांत उत्तरच नव्हतं. तेव्हापासून पहिल्या मानवी चाचणीत एकाला डोस देऊन थांबतात, मगच दुसऱ्याला देतात. हे शहाणपण सुचायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

उंदरांना ढीगभर रसायन खाऊ घातलं की कर्करोग होणारच. त्यावरून आम्हाला का घाबरवता? (एक वाचक, सॅकरिन वापरणारे)

तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. जास्त मात्रा मुद्दाम देतात. प्रत्येक गटात 50 नर आणि 50 माद्या असतात, आणि लाखात एखाद्याला होणारी गोष्ट एवढ्याशा गटात दिसायची तर मात्रा वाढवण्यावाचून गत्यंतर नसतं. पण त्यामुळे भलतंच काही घडू शकतं. सॅकरिन हे त्याचं नामी उदाहरण. रॅटच्या खाद्यात 5 टक्के सॅकरिन घातलं तेव्हा नरांच्या मूत्राशयात गाठी आल्या. 1977 मध्ये कॅनडाने अन्नात ते घालायला बंदी केली आणि अमेरिकेत वेष्टनावर इशारा आला. पुढे कळलं की एवढ्या सोडियम सॅकरिनमुळे रॅटच्या लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होतात. ते अस्तराला खरवडतात, अस्तर पुन्हा पुन्हा नवं होतं आणि त्यातून गाठ येते. माणसाच्या लघवीत हे घडत नाही. अमेरिकेतला इशारा 2000 मध्ये निघाला.

माझ्या लाडक्या मूत्रपिंडाचीही अशीच गोष्ट आहे. संत्र्याच्या सालीत लिमोनीन असतं. त्याने नर रॅटच्या मूत्रपिंडात गाठी होतात, मादीत नाही, माउसमध्ये नाही. नर रॅटचं यकृत अल्फा-2यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन भरपूर बनवतं. ते मूत्रपिंडात गाळलं जातं आणि तिथल्या पेशी ते शोषून पचवतात. रसायन त्याला चिकटलं की ते पचत नाही, साचत जातं, आणि पेशी गुलाबी थेंबांनी गच्च भरतात. मग पेशी मरतात, नव्या येतात, त्या मरतात. एनबीआर नावाच्या रॅटच्या वाणात हे प्रथिनच नाही, आणि त्या नरांना काहीही होत नाही. माणसातही हे प्रथिन त्या रूपात नाही. वाण बदलून पाहण्याची ही युक्ती इतकी देखणी आहे की शिकवताना मी अजून रंगात येते.

म्हणजे उंदराची गाठ हा निकाल नसतो, तिथून चौकशी सुरू होते. पण एक सावधगिरी सांगते. 'हे फक्त उंदरातच होतं' हे वाक्य प्रत्येक कंपनीला आवडतं. लिमोनीनच्या बाबतीत ते पायरी-पायरीने सिद्ध केलं गेलं. बाकी ठिकाणी ते कोणी सहज म्हणालं, तर मी आधी माद्यांच्या स्लाइड मागवते.

पगार औषध कंपनीचा. मग तिच्या विरोधात लिहिता येतं? (एक वकील)

येतं, पण ते माझ्या सज्जनपणावर सोडलेलं नाही, आणि सोडूही नये.

1970 च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी खासगी प्रयोगशाळा होती. असंख्य रसायनांच्या चाचण्या तिथे व्हायच्या. एफडीएतले पॅथॉलॉजिस्ट एड्रियन ग्रॉस यांनी 1976 मध्ये तिचे अहवाल उलगडले. नोंदींत 'टीबीडी' अशी अक्षरं होती. त्यांचा अर्थ, मृतदेह तपासता येणार नाही इतका सडलेला. प्राणी मरत होते, कुजत होते, त्यांच्या जागी दुसरे येत होते आणि अहवालात सगळं आलबेल. 1983 मध्ये तिथले अधिकारी दोषी ठरले. आज आम्ही ज्या नियमांना जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) म्हणतो, ते या प्रकरणानंतर 1979 पासून लागू झाले. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि सही, दुरुस्ती केली तर कारण, आणि स्लाइड व मेणाचे ठोकळे कुलपात. शिवाय दुसरा पॅथॉलॉजिस्ट माझ्या स्लाइड पुन्हा पाहतो. मी सही केलेला अहवाल बदलायचा, तर बदल दिसेल असाच बदलावा लागतो. 'अत्यल्प बदल' या शेऱ्याऐवजी 'बदल नाही' लिहाल का, असं मलाही एकदा गोड शब्दांत विचारलं गेलं. कारण आणि तारखेसह लेखी मागा, म्हटलं. लेखी काही आलं नाही.

वकील आहात म्हणून आणखी एक. जपानमधल्या मिनामाटात कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने लोक आजारी पडत होते. तिथल्या कारखान्याच्या दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळून पाहिलं. 400 क्रमांकाच्या मांजराला झटके येऊ लागले, गावातल्या रुग्णांसारखेच. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. होसोकावांनी 1970 मध्ये आजारी अवस्थेत पलंगावरून साक्ष दिली. मांजराने उत्तर वेळेवर दिलं होतं. मधली अकरा वर्षं कोणाच्या खात्यावर मांडायची, ते तुम्ही सांगा.

या चाचण्यांनी कधी प्राण्यांचं भलं झालं आहे का? (पक्षिनिरीक्षक)

गिधाडांचं झालं, उशिरा. दक्षिण आशियात गिधाडं हजारोंनी मरत होती. पोट उघडलं की अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा. ते युरिक अॅसिड होतं. याला व्हिसेरल गाउट म्हणतात आणि त्याचा अर्थ मूत्रपिंडं बंद पडली. संशोधकांनी विषाणू पाहिले, कीटकनाशकं पाहिली, जड धातू पाहिले. काही सापडेना. मग लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. गिधाडं मेलेली गुरं खातात, तर गुरांना मरण्याआधी कुठलं औषध देतात? उत्तर होतं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, आणि 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर 2006 मध्ये बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं, तेव्हा ते गिधाडांना चालतं का हेही गिधाडांनाच देऊन पाहावं लागलं. आधी आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना दिलं, कारण आशियातली आणखी गमावण्याची सोय उरली नव्हती. मी या कामात नव्हते. असते तर बरं झालं असतं, असं वाटणारं हे एकच काम.

'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असं क्रीमच्या डबीवर असतं. खरं मानायचं? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

तयार क्रीमपुरतं बहुधा खरं. त्यातला एखादा जुना घटक मात्र कधीकाळी सशाच्या डोळ्यात गेलेला असू शकतो. युरोपीय संघात 2013 पासून प्राण्यांवर तपासलेली नवी सौंदर्यप्रसाधनं विकायला बंदी आहे, आणि त्वचेची जळजळ आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर तपासता येते. लिपस्टिकसाठी ससा वापरायला माझा कधीच पाठिंबा नव्हता.

चिपवरचं यकृत आणि एआय आल्यावर तुमचं काम संपणार का? (सॉफ्टवेअर इंजिनिअर)

काही काम संपावंच. अमेरिकेने 2022 च्या अखेरीस कायद्यातली प्राणी-चाचणीची सक्ती काढली, आणि 2025 मध्ये एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडींपासून सुरुवात करून प्राण्यांचा वापर घटवण्याचा आराखडा मांडला. टीजीएन1412 आठवलं, तर सुरुवात तिथून का, हे कळेल. चिपवरचं यकृत, म्हणजे छोट्या चिपवर वाढवलेल्या यकृतपेशी, यकृताबद्दल चांगलं बोलतं. पण यकृताने थायरॉइडचं संप्रेरक भराभर संपवलं, म्हणून मेंदूतल्या ग्रंथीने थायरॉइडला चाबूक मारला आणि तिथे गाठ आली, ही रॅटमधली नेहमीची साखळी एका चिपवर कशी दिसणार?

एआय पेशी मोजायला उत्तम. थकत नाही, मान दुखत नाही. मला धास्ती आहे ती आभासी कंट्रोल गटाची. जुन्या चाचण्यांची माहिती वापरून या वेळी कंट्रोल प्राणी घ्यायचेच नाहीत, अशी ती कल्पना. प्राणी वाचतील, हे खरं. पण या खेपेचं खाद्य वेगळं होतं, खोलीतली हवा दोन दिवस बंद पडली होती, नेक्रॉप्सीला नवा माणूस होता, हे मला त्याच खोलीतल्या कंट्रोल रॅटशिवाय कोण सांगणार? माझ्यापेक्षा तरुण सहकाऱ्यांना ही भीती जुनाट वाटते. आमचं यावर भांडण चालू आहे.

मी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं तर काय करू? (विद्यार्थी)

पदवीनंतर पॅथॉलॉजीत उच्च शिक्षण घे. मग जमलं तर अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्ट्ससारख्या संस्थेची परीक्षा दे. अवघड आहे, पण नोकरीत तिला मान आहे. कंपन्या, करारावर चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा, नियामक संस्था, विद्यापीठं अशा सगळीकडे माणसं लागतात.

त्याआधी निरोगी ऊती पाहा. इतक्या पाहा की कंटाळा येईल. मादी रॅटचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि गर्भाशय रोज वेगळं दिसतं. हे डोळ्यांत बसलं नाही, तर प्रत्येक चाचणीत तुला नवा रोग सापडेल. रॅटच्या वृषणात शुक्रपेशी घडण्याचे 14 टप्पे पाठ कर. आणि लिहायला शीक. अहवाल वाचणारा स्लाइड पाहणार नसतो, त्याच्यापाशी फक्त तुझं वाक्य असतं.

मला लाल-हिरव्या रंगांत फरक नीट कळत नाही. पॅथॉलॉजिस्ट होता येईल का? (अकरावीतला मुलगा)

होता येईल, असे पॅथॉलॉजिस्ट आहेत. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी स्लाइडवर आकार, पोत आणि गडद-फिकेपणा यांवर बरंच भागतं. अडचण काही खास रंगद्रव्यांत येते, आणि कधी गुलाबी कणांच्या इओसिनोफिल पेशी ओळखताना. आधी नेत्रतज्ज्ञाकडून दोष किती आहे ते तपासून घे. मग कुठल्याही पॅथॉलॉजी विभागात जाऊन अर्धा तास मायक्रोस्कोपवर बसू द्या म्हणून विचार. बहुतेक ठिकाणी बसू देतात, स्लाइड फोडू नकोस म्हणजे झालं.